सादळलेले रॉड आणि दोन पंथ

मंडळी, चकली सादळली तर काय करायचं हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण वेल्डिंगचा रॉड सादळला तर काय करायचं, यावर इकडे अमेरिकेत कित्येक वर्षं वादावादी चालू आहे आणि मिटायची चिन्हं नाहीत. आता तुम्ही म्हणाल, वेल्डिंगचा रॉड सादळतो? लोखंडाची कांडी ती, तिला काय होतंय? होतं, होतं. आणि त्यातून जे पुढे होतं ते कधी कधी माणसाच्या जिवाशी येतं. म्हणून हा लेख.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकन घराला गॅरेज असतं, आणि त्या गॅरेजमध्ये गाडी सोडून बाकी सगळं असतं. गाडी बिचारी बाहेर उन्हात. आत लेथ, ड्रिल, ग्राइंडर, आणि एका कोपऱ्यात वेल्डिंगचा ट्रान्सफॉर्मर. लिंकन कंपनीचं एक जुनं लाल मशीन इथे घरोघरी दिसतं. त्याचा आकार वरून गोल, थडग्याच्या दगडासारखा, म्हणून त्याचं लाडाचं नावच ‘टूमस्टोन’. निवृत्त शिक्षक, दाताचे डॉक्टर, शेतकरी, कॉलेजातली पोरं, सगळे शनिवारी त्यावर काही ना काही जोडत बसतात. कुणी कुंपणाचं फाटक, कुणी मांस भाजायचा स्मोकर, कुणी पिकअपच्या मागे लावायचा ट्रेलर.

मी राहतो ह्यूस्टनला. इथला उन्हाळा म्हणजे रत्नागिरीचा मे महिना, फक्त तो पाच महिने चालतो. सकाळी घराबाहेर पडलं की चष्म्यावर वाफ. मिठाच्या डबीत तांदळाचे दाणे टाकायची युक्ती इथल्या आज्यांनाही माहीत आहे. माझं शिक्षण आणि पोटापाण्याचा धंदा ‘पोलादात शिरलेला हायड्रोजन’ या विषयातला. त्यामुळे आमच्या गल्लीतल्या यच्चयावत गॅरेजवाल्यांचा समज असा की सादळलेल्या रॉडचा निकाल मी द्यावा. आजवर मी तो तोंडी, हप्त्याहप्त्याने देत आलो. आज एकदाचा लिहून टाकतो.

वाद दोन पंथांचा आहे. पहिला कोठीपंथ. यांचं म्हणणं, ‘माझे रॉड वीस वर्षं कोठीत उघडे पडलेत, अजून झकास चालतात, आजपर्यंत एक जोड तुटलेला नाही. ओव्हनबिव्हन सगळी विकणाऱ्यांची थेरं.’ दुसरा ओव्हनपंथ. यांच्याकडे अमेरिकन वेल्डिंग सोसायटीचं डी-१.१ नावाचं पोलादी बांधकामाचं कोड असतं, निदान त्यातली दोन पानं तरी. त्यांच्या मते पाकीट उघडून चार तास झाले की रॉड बाद, आणि ज्याच्याकडे रॉडचा ओव्हन नाही त्याने होल्डर हातात धरू नये.

माझं मत सरळ आहे. दोघेही चुकीच्या प्रश्नाचं उत्तर देताहेत. ‘रॉड वाळवायचे की नाही’ हा प्रश्नच नाही. प्रश्न असा की रॉड कोणता, आणि जोडताय काय?

आता जरा मास्तरकी करतो, पाच मिनिटं सहन करा.

रॉडच्या आत लोखंडी तार असते आणि बाहेर खनिजांचं आवरण. ही खनिजं तारेला चिकटून राहावीत म्हणून सोडियम किंवा पोटॅशियम सिलिकेट, म्हणजे आपली ‘वॉटर ग्लास’, घालतात. हे सिलिकेट हवेतला ओलावा धरतं. काही ओलावा वरवरचा असतो, तो थोड्या उबेनेही जातो. काही मात्र सिलिकेटच्या रचनेत जाऊन बसतो, आणि तो बाहेर काढायला शेकडो अंश तापमान लागतं. हा फरक लक्षात ठेवा, पुढे सगळं यावरच अडतं.

आर्क पेटला की त्या पाण्याची वाफ होते, वाफेचे तुकडे होतात आणि सुटा हायड्रोजन वितळलेल्या लोखंडात विरघळतो. लोखंड थिजलं की त्याची हायड्रोजन सामावून घ्यायची ताकद एकदम कमी होते. थोडा वायू बुडबुड्यांच्या रूपाने अडकतो, ती छिद्रं डोळ्यांना दिसतात. उरलेला एकेका अणूच्या रूपात पोलादातच राहतो. हा अणू इतका लहान की घन पोलादातूनही तो हळूहळू फिरतो. फिरत फिरत तो जोडाच्या शेजारच्या, तापून झपकन गार झालेल्या पट्ट्यात येतो. तो पट्टा जर कडक आणि ठिसूळ झाला असेल, आणि जोडाच्या आकसण्याने तिथे ताण असेल, तर तडा जातो. गंमत म्हणजे हा तडा लगेच जात नाही. जोड गार झाल्यावर, कधी काही तासांनी, कधी दोन दिवसांनी जातो, आणि बऱ्याचदा आतल्या आत, वरून काही कळत नाही. तुम्ही रंग मारून, हात धुऊन, जेवून झोपलेले असता तेव्हा!

म्हणजे तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: हायड्रोजन, कडक पोलाद आणि ताण. यातली एक जरी नसली तरी तडा जात नाही. दोन्ही पंथांचं घोडं इथेच पेंड खातं.

कोठीपंथीयांचे जोड टिकतात ते का? कारण ते बहुधा साधं, कमी कार्बनचं, पातळ पोलाद जोडतात. अँगल, चौकोनी पाइप, पट्टी. हे पोलाद झपाट्याने गार झालं तरी फारसं कडक होत नाही. तिथे हायड्रोजन असला तरी तो हळूहळू निघून जातो, काही बिघडत नाही. याचा पुरावा ओव्हनपंथीयांच्या नाकासमोरच आहे. ६०१० नावाचा रॉड घ्या. त्याच्या आवरणात सेल्युलोज असतं, आणि त्यात ओलावा मुद्दाम ठेवलेला असतो, वजनाच्या तीन ते सात टक्के. त्याच्या जोडात लो-हायड्रोजन रॉडच्या कित्येक पट हायड्रोजन जातो. आणि याच रॉडने जगभर तेलाच्या आणि गॅसच्या पाइपलाइनी जोडल्या गेल्या! वाळवायच्या हौसेने तुम्ही ६०१० किंवा ६०११ ओव्हनमध्ये घातलेत तर सेल्युलोज करपतं, आर्कचा जोर जातो आणि चांगला रॉड वाया जातो. म्हणजे ‘वाळवलेलं बरं’ हा सरसकट नियमसुद्धा खोटाच.

मग ओव्हनपंथीय वेडे का? मुळीच नाहीत. ते ज्या रॉडसाठी भांडतात तो ७०१८. यातले ७० म्हणजे जोडाची ताकद, दर चौरस इंचाला ७०,००० पौंड. याच्या आवरणात चुनखडी आणि फ्लोरस्पार असतं, आणि याचं सगळं मोठेपण एका गोष्टीत आहे: यात पाणी नाही. नाव ‘लो-हायड्रोजन’, आणि ते नाव रॉड कोरडा असेपर्यंतच खरं. पाकिटावर एच-४ लिहिलं असेल तर त्याचा अर्थ जोडलेल्या १०० ग्रॅम धातूत फार तर ४ मिलिलिटर हायड्रोजन. कोड म्हणतं, पाकीट उघडलं की हे रॉड निदान १२० अंश सेल्सिअसला ठेवा, बाहेर काढलेत तर चार तासांत वापरा. नावापुढे ‘आर’ असेल, म्हणजे ओलावा-रोधक आवरण असेल, तर नऊ तास. त्यापेक्षा जास्त वेळ उघडे राहिले तर २६० ते ४३० अंशांना दोन तास भाजा, तेही एकदाच. आणि प्रत्यक्ष पाण्यात भिजलेले असतील तर फेकून द्या.

कोठीपंथीय म्हणतो, ‘माझा एकही जोड तुटला नाही.’ बाबा रे, तू फाटकं जोडलीस. तुझ्या रॉडची परीक्षाच झालेली नाही. नापास न होणं आणि परीक्षेला न बसणं यात फरक असतो. तोच रॉड ट्रकच्या पाट्याच्या स्प्रिंगला लाव. त्या पोलादात अर्ध्या टक्क्याहून जास्त कार्बन असतो. जोडाशेजारचा पट्टा काचेसारखा होतो, आणि मग तिथे आलेला हायड्रोजन आपला हिशोब चुकता करतो. घरगुती वर्कशॉपची खरी अडचण ही की तिथलं निम्मं पोलाद भंगारातलं. जुना अ‍ॅक्सल, रुळाचा तुकडा, नांगराचा फाळ, कुठल्याशा मशीनचा शाफ्ट. कारखान्यात प्रत्येक प्लेटचं प्रमाणपत्र असतं, गॅरेजमध्ये फक्त गंज असतो.

हे पुस्तकी नाही. मेलबर्नचा किंग्ज ब्रिज १९६१ साली वाहतुकीला खुला झाला. १० जुलै १९६२ ला, थंडीच्या सकाळी, ४५ टनांचं एक वाहन त्यावरून गेलं आणि पुलाचा एक गाळा खचला. खाली बांधलेल्या भिंतींनी तो तोलला म्हणून माणसं वाचली. चौकशीत काय निघालं? तुळयांच्या खालच्या बाजूला जादा पट्ट्या वेल्ड केल्या होत्या, त्यांच्या टोकांच्या आडव्या जोडांशेजारी तडे होते. पोलाद जास्त ताकदीचं, म्हणून वेल्डिंगला नाजूक. तडे कारखान्यातच पडलेले, तपासणीत सुटलेले. पूल उभा राहिला, लोक जा-ये करत राहिले, आणि तडा पंधरा महिने गप्प बसून राहिला. हे सगळं पगारी इंजिनिअर, निरीक्षक आणि कागदपत्रं असलेल्या कामात. तुमच्या-माझ्या गॅरेजमध्ये तर निरीक्षक म्हणजे आपली बायको, आणि तिचा आक्षेप फक्त आवाजाला!

आता उपायांकडे वळू. इथला सर्वांत लोकप्रिय उपाय म्हणजे बंद पडलेला फ्रीज, आत १०० वॅटचा बल्ब, फळ्यांवर रॉडची पाकिटं. स्वस्त आणि देखणा. पण तो नेमकं काय करतो हे शंभरातल्या नव्वदांना माहीत नसतं. साधा हिशोब करू. बाहेर ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता आहे. तीच हवा फ्रीजमध्ये ४५ अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता साधारण ३५ टक्क्यांवर येते. म्हणजे कोरडा रॉड तिथे कोरडा राहील. छान. पण आधीच सादळलेला ७०१८ तिथे वर्षभर ठेवलात तरी सिलिकेटात बसलेलं पाणी ४५ अंशांना हलणार नाही. बल्बचा फ्रीज ही लोणच्याची बरणी आहे, चूल नव्हे. जे आत ठेवाल ते तसंच राहील, आधीच बिघडलेलं सुधारणार नाही. वीस वर्षं कोठीत पडलेले रॉड फ्रीजमध्ये ठेवून ‘आता झाले नवे’ म्हणणारे लोक मला दर महिन्याला भेटतात. माझ्या मते ते उघड्यावर रॉड ठेवणाऱ्यांपेक्षा जास्त धोक्यात आहेत, कारण त्यांच्या मनातली शंका गेलेली असते.

शिवाय तो बल्बही आता सहज मिळत नाही. अमेरिकेत १ ऑगस्ट २०२३ पासून घरगुती दिव्यांना कार्यक्षमतेचा असा नियम लागू झाला की जुने तारेचे बल्ब दुकानांतून जवळपास हद्दपार झाले. एलईडी लावून रॉड तापत नाहीत, फक्त छान दिसतात. आणि फ्रीज फार जुना, बाहेरून खटक्याने बंद होणारा असेल तर पहिल्यांदा तो खटका काढून टाका. असल्या फ्रीजमध्ये खेळता खेळता अडकून मुलं गुदमरली म्हणून अमेरिकेला १९५६ साली खास कायदा करावा लागला. रॉड सादळले तरी चालतील.

दुसरा उपाय, स्वयंपाकघरातला ओव्हन. याला माझा साफ विरोध. एक तर तो जेमतेम २६० ते २८० अंशांपर्यंत जातो, म्हणजे भाजायच्या किमान मर्यादेवर लटकलेला, आणि त्याचा थर्मोस्टॅट काय दाखवतो आणि आत काय असतं याचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो. दुसरं, त्या आवरणात फ्लोराइड आणि मँगनीज असतं. त्याची भुकटी झटकून त्याच जाळीवर उद्या पोरांचा पिझ्झा ठेवायचा? रॉडचा छोटा ओव्हन विकत मिळतो, पण त्यातलेही पुष्कळसे १५० अंशांच्या आसपास थांबतात. म्हणजे तेही साठवणीचेच, भाजण्याचे नव्हेत. विकत घेण्याआधी त्याच्या पाटीवरचा कमाल आकडा वाचा.

आणि आता पैशाचा हिशोब, कारण आपण मराठी माणसं. १०० वॅटचा बल्ब वर्षभर, रात्रंदिवस जळला तर ८७६ युनिट वीज. युनिटला पंधरा सेंट धरले तर वर्षाला १३१ डॉलर. ७०१८ ची पाच पौंडांची पेटी साधारण तीस डॉलरला मिळते, आणि हौशी माणसाला ती वर्षभर पुरते. म्हणजे तीस डॉलरचा माल राखायला एकशे तीस डॉलरची वीज! पहारेकऱ्याचा पगार तिजोरीतल्या पैशापेक्षा जास्त. कारखान्यात ओव्हन हवाच, तिथे रोज शेकडो रॉड जळतात. गॅरेजमध्ये नियम सोपा असावा: लागेल तेवढंच छोटं, सीलबंद पाकीट ज्या दिवशी महत्त्वाचं काम त्या दिवशी फोडायचं. उरलेले रॉड वेगळे ठेवून त्यावर ‘साधी कामं’ अशी चिठ्ठी लावायची आणि कुंपणाला वापरायचे. साठवायला जाड पीव्हीसी पाइपचा तुकडा, एका बाजूला कायमची टोपी, दुसऱ्या बाजूला रबरी वायसर असलेलं फिरकीचं झाकण, आत सिलिका जेलची पुडी. वीज शून्य.

रोजच्या कामाला ६०१३ किंवा ६०११ वापरा. ६०१३ सादळला तर १०० ते ११० अंशांना तासभर तापवून तो बरा होतो, त्याला चारशे अंशांची भट्टी लागत नाही. आवरणावर पांढरी लव आली असेल किंवा आतली तार गंजली असेल तर मात्र कुठलाही रॉड सरळ कचऱ्यात. आणि ट्रेलरचा हूक, गाडीचं स्टिअरिंग, माणूस ज्याखाली झोपणार तो जॅक, असलं काही असेल, पोलाद कुठलं ते माहीत नसेल, तर हौशी माणसाने हात जोडून ‘हे माझं काम नाही’ म्हणावं. माझ्या मते वर्कशॉपमधलं सर्वांत स्वस्त सुरक्षा-साधन हे वाक्य आहे, आणि सर्वांत कमी वापरलं जाणारंही.

हे सगळं तिकडे बसून वाचणाऱ्या तुम्हाला कशाला सांगतोय? कारण आपल्याकडे चार महिने हवा ह्यूस्टनसारखीच असते, आणि वेल्डिंगचं दुकान म्हणजे तीन बाजूंनी उघडी पत्र्याची शेड. तिथे बहुतेक काम ६०१३ जातीच्या रॉडवर चालतं. ग्रिल, दारं, खिडक्या. पाऊस उघडला की पत्र्यावर रॉड वाळत घातलेले मी लहानपणापासून पाहिलेत, कुरडया घालाव्यात तसे. ग्रिलसाठी ते ठीक आहे, त्यात नावं ठेवण्यासारखं काही नाही. काही जण रॉड कामाला चिकटवून, शॉर्ट करून लाल होईपर्यंत तापवतात. ते मात्र ठीक नाही. एक टोक करपतं, दुसरं ओलंच राहतं आणि आवरणाचे टवके उडतात.

पण विचार करा, उसाच्या ट्रॉल्यांची डागडुजी कधी होते? गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो, म्हणजे त्याच्या आधी. पावसाळाभर शेडमध्ये पडलेले रॉड बाहेर निघतात ते नेमके तेव्हा! ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांचा सगळा भार एका दांडीवर आणि एका हुकावर, आणि मागून मोटारसायकलवर येणारं कुणाचं तरी कुटुंब. या एका जोडासाठी तरी रॉड वेगळा असावा. भारतीय मानक आयएस ८१४ प्रमाणे पाकिटावर सांकेतिक नाव छापलेलं असतं. ‘ईआर’ने सुरू होत असेल तर तो साधा, रुटाइल जातीचा. ‘ईबी’ने सुरू होत असेल तर लो-हायड्रोजन, आणि पुढे ‘एच-३’ असेल तर उत्तम. असं पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. शंभर-दोनशे रुपये जास्त पडतील. जोडायच्या आधी जागा तापवून घ्यायला सांगा, आणि झाल्यावर दोन दिवस थांबून जोडाच्या कडा नीट पाहा, मगच रंग मारा.

इथे कोणी म्हणेल, गरीब वेल्डरला ही शिकवणी अमेरिकेत बसून देणं सोपं आहे. मान्य. पण मी त्याला ओव्हन घ्यायला सांगत नाहीये. मी गिऱ्हाइकाला सांगतोय. तो वेल्डर ताजा रॉड वापरत नाही याचं कारण तुम्ही-आम्ही ‘दहा नंबरचे चार रॉड लाव आणि सोड’ म्हणून घासाघीस करतो हे आहे. त्याला फरक माहीत असतो. पैसे कुणी देत नाही, एवढंच.

असो. कोठीपंथीयांना माझं सांगणं, तुमचा अनुभव खरा आहे, पण तो फाटकांचा आहे. ओव्हनपंथीयांना सांगणं, तुमचं कोड बरोबर आहे, पण ते पुलांसाठी आहे. आणि तुम्हाला सांगणं, पुढच्या वेळी वेल्डिंगच्या दुकानात गेलात तर किलोचा भाव विचारायच्या आधी पाकिटावरची ती दोन अक्षरं वाचा.